बेड्यांचा बादशहा : हॅरी हुदिनी

(हातकड्या, साखळदंड, कुलपे आणि पेट्या यांतून सुटून दाखवणारा जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनी याचा जीवनपट या पाठात दिला आहे. जादूची कला आणि जादूच्या नावाखाली होणारी फसवणूक यांतील फरक त्याने जगाला कसा दाखवून दिला, हे पाठ वाचून तुमच्या लक्षात येईल.)

विद्यार्थी मित्रांनो, जादूचा खेळ तुम्ही पाहिला असेलच. शाळेच्या स्नेहसंमेलनात, एखाद्या मैदानावर, नाहीतर टीव्हीवर तरी नक्कीच. रिकाम्या टोपीतून कबूतर निघते, कापलेली दोरी पुन्हा अखंड होते आणि आपण टाळ्या वाजवतो. 'जादू', 'करामत', 'कैद', 'उस्ताद' हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. ते फारसी-अरबीतून जसे उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. तुम्ही उर्दूत 'जादूगर' म्हणता, मराठीत आपण 'जादूगार' म्हणतो. फरक एका कान्याचा!

आता दुसरी एक गोष्ट आठवा. अंधेरी, घाटकोपर किंवा बोरिवलीहून लोकल गाडीने जाताना डब्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या लहान लहान जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. कोणी एक बाबा काही तासांत नोकरी मिळवून देतो, घरातले भांडण मिटवतो, आजार पळवून लावतो, असे त्यांत छापलेले असते. रंगमंचावरचा जादूगारही चमत्कार दाखवतो आणि हा बाबाही चमत्काराची भाषा बोलतो. मग या दोघांत फरक काय? हा फरक ज्याने आयुष्यभर ओरडून सांगितला, त्या माणसाची ही हकिकत आहे.

त्याचे खरे नाव एरिक वाइझ. युरोपातील हंगेरी देशाच्या बुडापेस्ट शहरात २४ मार्च १८७४ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील यहुदी धर्मगुरू होते. एरिक चार वर्षांचा असताना, १८७८ साली, आई मुलांना घेऊन अमेरिकेला पोहोचली. वडील आधीच तेथे गेले होते. विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन या लहानशा गावी त्यांना धर्मगुरूची नोकरी मिळाली होती. पण ती फार काळ टिकली नाही. वडिलांना इंग्रजी नीट येत नव्हते. कुटुंब मोठे, मिळकत नाही, परका मुलूख. घरात चूल पेटण्याचीही कधी कधी पंचाईत पडे. लहानग्या एरिकने वर्तमानपत्रे विकली, लोकांच्या बुटांना पॉलिश केले. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले. तेथे एरिक नेकटायचे अस्तर कापण्याच्या कारखान्यात कामाला लागला. शाळेचे शिक्षण असे त्याच्या वाट्याला फारसे आलेच नाही.

पण त्याला दोन नाद होते. एक व्यायामाचा आणि दुसरा पुस्तकांचा. तो धावण्याच्या शर्यतीत भाग घेई, पोहत असे, कसरती करत असे. त्याची उंची बेताचीच होती, पण शरीर कमावलेले होते. एके दिवशी त्याच्या हाती फ्रान्सचा थोर जादूगार रॉबेर हुदाँ याचे आत्मचरित्र पडले. ते वाचून तो झपाटून गेला. आपणही जादूगार व्हायचे, असे त्याने ठरवले. हुदाँच्या नावाला 'ई' जोडून त्याने आपले नाव 'हुदिनी' असे करून घेतले. १८९१ साली त्याने कारखान्याची नोकरी सोडली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी वडील वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलाकडून एक वचन घेतले. आईला कधी काही कमी पडू देऊ नकोस, असे ते वचन होते. हे वचन तो कधी विसरला नाही. त्याच्या पुढच्या सगळ्या धडपडीमागे ते उभे होते.

जादूगार होणे मात्र सोपे नव्हते. पहिली सात-आठ वर्षे अत्यंत हलाखीची गेली. १८९४ साली बेस नावाच्या तरुणीशी त्याचे लग्न झाले. ती त्याची पत्नी झाली आणि खेळातली जोडीदारही. दोघे मिळून पेटीचा एक खेळ करत. हुदिनीचे हात बांधून त्याला पोत्यात घालत. पोते पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावत. बेस पडदा ओढून तीन टाळ्या वाजवी. तिसऱ्या टाळीला पडदा सरके, तो बाहेर हुदिनी उभा आणि पेटीतल्या पोत्यात बेस! खेळ उत्तम होता, पण पाहणार कोण? स्वस्त तिकिटाच्या करमणुकीच्या जागी ही दोघे दिवसाला कधी कधी वीस-वीस खेळ करत. सर्कशीबरोबर गावोगाव फिरत. १८९८ साली तर हुदिनी इतका निराश झाला, की आपल्या जादूचे साहित्य आणि युक्त्या विकून टाकण्याची त्याने तयारी केली. विकत घेणारा कोणी मिळाला नाही. ते एका परीने बरेच झाले!

१८९९ साली मार्टिन बेक नावाच्या नाटकगृहांच्या व्यवस्थापकाने त्याचा खेळ पाहिला. त्याने हुदिनीला सल्ला दिला, की पत्त्यांचे आणि कबुतरांचे किरकोळ खेळ कमी कर. हातकड्यांतून सुटण्याचा तुझा खेळ दुसऱ्या कोणाजवळ नाही, तोच पुढे आण. हुदिनीने ते ऐकले आणि त्याचे दिवस पालटले. तो प्रत्येक शहरात जाई आणि तेथील पोलिसांना आव्हान देई. त्यांनी आपल्या हातकड्या आणाव्यात, मला घालाव्यात आणि मी सुटतो की नाही ते पाहावे. १९०० साली तो इंग्लंडला गेला. तेथून जर्मनी, रशिया अशा देशांत त्याचे नाव गाजू लागले. लोक त्याला हातकड्यांचा बादशहा म्हणू लागले.

तुम्ही विचाराल, तो सुटत असे तरी कसा? त्याच्याजवळ एखादा मंत्र होता काय? मुळीच नाही. त्याच्याजवळ होती माहिती. त्या काळी एका नमुन्याच्या सर्व हातकड्या बहुधा एकाच किल्लीने उघडत. कोणत्या देशात कोणत्या नमुन्याच्या हातकड्या वापरतात, त्यांच्या आत कळ कशी असते, हे त्याने वर्षानुवर्षे अभ्यासले होते. त्याने कुलपे गोळा केली, खोलली, पुन्हा जोडली. काही हातकड्या तर विशिष्ट जागी आपटल्या तरी उघडत. बारीकशी किल्ली किंवा तारेचा तुकडा कोठे लपवायचा, हे त्याला ठाऊक होते. दोरीने बांधताना तो छाती फुगवून, स्नायू ताणून उभा राही. नंतर अंग सैल सोडले, की दोरी आपोआप ढिली होई. वेड्यांना घालायच्या जाड कापडी अंगरख्यातूनही तो सुटे. अंगरख्याच्या बाह्यांत जखडलेले हात तो जोर लावून डोक्यावरून पुढे आणी, दातांनी पट्टे सोडवी. पुढे पुढे तर उंच इमारतीवरून उलटे टांगून घेऊन, भर रस्त्यावर हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत तो हा खेळ करू लागला. त्यात जादू कमी आणि मेहनत फार होती.

जर्मनीतील कोलोन शहरात एक प्रसंग घडला. हुदिनी लोकांना फसवतो, त्याने लाच देऊन खोटा खेळ घडवण्याचा प्रयत्न केला, असा आरोप एका पोलीस अधिकाऱ्याने केला आणि तो वर्तमानपत्रात छापून आला. हुदिनी परदेशी होता. समोर बादशाही जर्मनीचे पोलीस खाते होते. दुसरा कोणी असता, तर गुपचूप पुढच्या गावाला निघून गेला असता. हुदिनीने मात्र कोर्टात दावा लावला. १९०२ साली खटला चालला. त्याने न्यायाधीशांसमोर साखळदंडातून सुटून दाखवले आणि दावा जिंकला. विरुद्ध बाजूने वरच्या कोर्टात दाद मागितली. तेथेही हुदिनीच जिंकला. आपण युक्ती करतो हे तो लपवत नव्हता. पण युक्ती करणे वेगळे आणि लबाडी करणे वेगळे, हे त्याला सिद्ध करायचे होते.

१७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिप्पोड्रोम नाटकगृहात असाच कसोटीचा प्रसंग आला. एका वर्तमानपत्राने त्याला खास हातकडी घालण्याचे आव्हान दिले होते. ती तयार करायला कारागिराला पाच वर्षे लागली, असे सांगितले जात होते. सुमारे चार हजार प्रेक्षक जमले. हुदिनी एका छोट्या पडद्याआड बसला. वीस मिनिटे गेली, अर्धा तास गेला. अंगातला कोट काढण्यासाठी हातकडी क्षणभर उघडा, अशी त्याने विनंती केली. ती नाकारली गेली. तेव्हा त्याने खिशातला चाकू दातांत धरला आणि अंगातला कोट कापून फेकून दिला. तासाहून अधिक वेळ गेल्यावर तो मोकळ्या हातांनी बाहेर आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

हातकड्यांचे खेळ इतर लोकही करू लागले, तेव्हा हुदिनीने नवे खेळ शोधले. १९०८ साली त्याने दुधाच्या मोठ्या डब्याचा खेळ सुरू केला. डबा पाण्याने काठोकाठ भरत. हुदिनी त्यात उतरे, वरून झाकण लावून कुलपे ठोकत. तो प्रेक्षकांनाही आपल्याबरोबर श्वास रोखून धरायला सांगे. एकेक प्रेक्षक धापा टाकत हार मानी. हुदिनी मात्र अजून आतच! लोक घाबरून ओरडू लागत, तेवढ्यात तो ओलाचिंब होऊन समोर उभा राही. यासाठी तो घरी टबात बुडून श्वास रोखण्याचा सराव करत असे. ७ जुलै १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हर नदीत त्याने हातकड्या-बेड्यांसह खिळे ठोकलेल्या पेटीतून स्वतःला पाण्यात सोडवून घेतले आणि एका मिनिटाच्या आत तो वर आला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याने काचेच्या पेटीत पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत पाण्यात बुडून सुटण्याचा खेळ केला. त्याला नव्या यंत्रांचेही वेड होते. विमान नुकतेच कोठे उडू लागले होते, तेव्हा १९१० साली त्याने ऑस्ट्रेलियात स्वतः विमान चालवून दाखवले.

हुदिनीत दोष नव्हते असे नाही. तो गर्विष्ठ होता. आपली नक्कल करणाऱ्यांवर तो तुटून पडे. ज्या रॉबेर हुदाँचे नाव त्याने घेतले, त्याच्याच विरुद्ध त्याने पुढे पुस्तक लिहिले. आपला जन्म अमेरिकेत झाला, असेही तो सांगत असे. पण आईच्या बाबतीत तो लहान मूलच होता. पगार सोन्याच्या नाण्यांत मागून घेऊन त्याने ती नाणी आईच्या ओच्यात ओतली, असे सांगतात. वडिलांना दिलेले वचन त्याने पुरेपूर पाळले.

१९१३ सालच्या जुलै महिन्यात तो युरोपात डेन्मार्कमध्ये असताना तार आली. आई गेली होती. तार वाचून तो बेशुद्ध पडला. ठरलेले खेळ रद्द करून तो अमेरिकेला परतला. तो येईपर्यंत आईचा दफनविधी थांबवून ठेवला होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो आईच्या कबरीपाशी जाऊन बसत असे. जगातले कुलूप उघडणाऱ्या या माणसाला हे एक दार उघडता येत नव्हते.

नेमक्या याच काळात पहिले महायुद्ध झाले. १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. घराघरांतली तरुण मुले गेली. दुःखाने वेड्या झालेल्या आईबापांना गाठून, आम्ही मृत माणसांशी बोलणे करून देतो, असे सांगणाऱ्यांचा धंदा जोरात चालू लागला. अंधाऱ्या खोलीत लोक हातात हात घालून बसत. मग टेबल हले, कर्णा हवेत तरंगे, कोणाचा तरी आवाज येई. लोक रडत आणि पैसे देत.

शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉईल हे हुदिनीचे मित्र होते. त्यांचाही तरुण मुलगा गेला होता. मृतांचे आत्मे बोलतात यावर डॉईल यांचा पूर्ण विश्वास बसला होता. इतकेच नव्हे, तर हुदिनीजवळच अद्भुत शक्ती आहे, असे त्यांना वाटे. हुदिनी पुन्हा पुन्हा सांगे, की ही नुसती युक्ती आहे. पण ते मानायला तयार नसत.

१९२२ सालच्या जून महिन्यात अटलांटिक सिटी या गावी डॉईल यांच्या पत्नीने हुदिनीसाठी बैठक घेतली. त्याच्या आईचा आत्मा माझ्या हातून लिहील, असे त्यांनी सांगितले. हुदिनी डोळे मिटून बसला. आई खरोखर भेटावी, अशी त्याची मनापासून इच्छा होती. लेडी डॉईल यांचा हात भराभर चालू लागला. पानामागून पाने भरली. त्यांत आईच्या मायेचे शब्द होते. पण पहिल्या पानावर क्रूसाची खूण होती, आणि आई तर यहुदी धर्मगुरूची पत्नी! मजकूर इंग्रजीत होता, आणि आई त्याच्याशी नेहमी जर्मन भाषेत बोलत असे. हुदिनीने म्हटले आहे, की त्या दिवशी आईचा वाढदिवस होता. पण पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ही पाने खरी मानली असती, तर हुदिनीला किती दिलासा मिळाला असता! थोर लेखकाची मैत्रीही टिकली असती. पण तसे करणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे होते. हुदिनीने ती पाने खरी मानली नाहीत, आणि पुढे ते उघडपणे सांगितलेही. डॉईल यांच्याशी असलेली त्याची मैत्री तुटली. आयुष्यातला सर्वांत कठीण सापळा त्याने ओळखला, तो हा.

यानंतर हुदिनीने फसवणाऱ्यांचा पाठलाग सुरू केला. वेष बदलून, खोटी दाढी लावून तो अशा बैठकांना जाऊन बसे. १९२५ साली क्लीव्हलँड शहरातील एका बैठकीत त्याने अंधारात कर्ण्याला काजळी फासून ठेवली. थोड्या वेळाने आत्म्याचा आवाज येऊ लागला. हुदिनीने झटकन बॅटरी पेटवली. पाहतात तो बैठक चालवणाऱ्याचेच तोंड काळे झालेले! 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाने, खरी अद्भुत शक्ती दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवले होते. त्याच्या परीक्षक समितीवर हुदिनी होता. मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना जे दिसत नसे, ते त्याला दिसे. कारण हात कसे चलाखी करतात हे त्याला अनुभवाने माहीत होते. १९२६ साली तो अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोरही उभा राहिला. पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांवर राजधानीत बंदी घालावी, अशी बाजू त्याने मांडली. आपण कोणाच्या धर्माविरुद्ध नाही, लुबाडणुकीविरुद्ध आहोत, हेही त्याने स्पष्ट केले. तो कायदा मात्र मंजूर झाला नाही.

त्याच वर्षी रहमान बे नावाचा एक कलाकार न्यूयॉर्कमध्ये बंद पेटीत पाण्याखाली राहण्याचा खेळ करत होता. आपण समाधी लावतो, असे तो सांगे. हुदिनीने ५ ऑगस्ट १९२६ रोजी एका हॉटेलच्या तलावात बंद पेटीत ९१ मिनिटे राहून दाखवले. समाधी नाही, काही नाही. घाबरायचे नाही, हलायचे नाही आणि सावकाश, थोडाथोडा श्वास घ्यायचा, एवढेच त्याचे गुपित होते. ते त्याने लपवून ठेवले नाही. खाणीत अडकलेल्या मजुरांचे प्राण यामुळे वाचू शकतील, म्हणून त्याने सगळी माहिती सरकारच्या खाण विभागाला कळवली.

पण त्याचे दिवस भरत आले होते. ऑक्टोबर महिन्यात खेळ करताना त्याच्या घोट्याचे हाड मोडले. २२ ऑक्टोबरला माँट्रियल शहरात तो कोचावर पडून असताना, पोट किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी एका तरुणाने त्याच्या पोटात ठोसे मारले. सावरायलाही त्याला वेळ मिळाला नाही. दुखणे अंगावर काढून, अंगात सणसणीत ताप असताना त्याने डेट्रॉइटला खेळ केला. आतड्याच्या टोकाशी असलेले अपेंडिक्स फुटले होते. शस्त्रक्रियेला उशीर झाला. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. न्यूयॉर्कमध्ये आईच्या शेजारी त्याला दफन केले. त्याच्या डोक्याखाली आईची पत्रे ठेवली होती.

मरण्यापूर्वी त्याने पत्नीबरोबर एक परीक्षा ठरवून ठेवली होती. मेल्यावर खरोखर बोलता येत असेल, तर आपण एक गुप्त संदेश पाठवू, असे त्यांचे ठरले होते. बेसने दहा वर्षे वाट पाहिली. १९३६ साली शेवटची बैठक झाली. हुदिनीच्या फोटोजवळ तेवत ठेवलेला दिवा तिने मालवला. मेल्यानंतरही त्याने लोकांना भाबडेपणाने काही मानायला लावले नाही.

हुदिनीने जमवलेली हजारो पुस्तके आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाची ही ठेव!

आपल्या महाराष्ट्रातही पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यासारख्या कलावंतांनी जादूची कला लोकांपर्यंत नेली. लोकांच्या अंधश्रद्धेचा फायदा घेणाऱ्यांविरुद्ध लढताना डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २०१३ साली आपला जीव गमावला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा हुदिनीने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

खरा जादूगार तिकिटाचे पैसे घेतो, आपली करमणूक करतो आणि आपण आनंदाने घरी जातो. भोंदू माणूस आपल्या दुःखाचे पैसे घेतो आणि आपण रिकाम्या हातांनी घरी जातो. घरात कोणी आजारी असेल, कोणाची नोकरी गेली असेल, तेव्हा माणूस कोणावरही विश्वास ठेवायला तयार होतो. अशा वेळी तुम्ही घरातल्या मोठ्यांना नम्रपणे पण धीराने दोनच प्रश्न विचारा. हे काम उजेडात का करत नाहीत? आणि आधी पैसे कशाला मागतात? हे प्रश्न विचारायला जादू यावी लागत नाही. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या, आणि त्याच्यासाठी दुआ अवश्य मागा. दुआ मागायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

शब्दार्थ

हलाखी – फार गरिबी. झपाटणे – एखाद्या गोष्टीचे वेड लागणे. आव्हान – चॅलेंज. साखळदंड – जाड लोखंडी साखळी. दाद मागणे – न्याय मागणे. ओचा – लुगड्याचा किंवा झग्याचा पुढचा खोळ. कर्णा – तोंडाने फुंकायचे किंवा बोलायचे लांब वाद्य. काजळी – दिव्याचा काळा थर. भोंदू – ढोंग करून फसवणारा. चलाखी – हुशारी, हातचलाखी.

स्वाध्याय

१. हुदिनीने वडिलांना कोणते वचन दिले होते?
२. मार्टिन बेक याने हुदिनीला कोणता सल्ला दिला?
३. हुदिनी हातकड्यांतून कसा सुटत असे? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. लेडी डॉईल यांनी लिहिलेली पाने हुदिनीने खरी का मानली नाहीत? तीन कारणे लिहा.
५. जादूगार आणि भोंदू यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
६. या पाठातील असे पाच शब्द शोधा, की जे उर्दूतही वापरतात. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.